उत्तमनगरजवळचा वन बीएचके: रीसेल फ्लॅट खरेदीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

हाताशी सव्वापाच लाख. दोघांचे पगार मिळून महिन्याला बावन्न हजार. सध्याचं भाडं साडेआठ हजार, आणि दर अकरा महिन्यांनी घरमालक पाचशेने चढतो. तेरा हजारांचा हप्ता झेपेल, त्यापुढे नाही. म्हणजे लोन पंधरा लाखांपर्यंत. मुद्रांक, नोंदणी, दलाली, डागडुजी सगळं धरून वीस लाखांच्या वर जायचं नाही, असं वहीत लिहून खाली दोघांनी सह्या केल्या. सहीची कल्पना नवऱ्याची, कारण मी फ्लॅट बघितला की हुरळते असं त्याचं मत.

या पैशात नाशिकचं इंदिरानगर जमत नाही. तिथे जुन्या वन बीएचकेचे सव्वीस-अठ्ठावीस सांगतात. उड्डाणपुलाखालून इकडे सिडकोत (सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेला भाग) आलं की तेवढ्याच आकाराचा फ्लॅट अठरा ते एकवीसला. मध्ये आहे तो फक्त मुंबई-आग्रा हायवे. माझी नोकरी अंबड एमआयडीसीत, त्यामुळे मला इकडेच सोयीचं. सासूबाईंचा फोन: "सिडकोत? तिथे रात्री गाड्या फोडतात ना गं?" त्या राहतात सटाण्याला, पण बातमी त्यांच्यापर्यंत आमच्याआधी पोचते.

१९ जानेवारी

आज आधी सिडकोचं मूळ घर पाहिलं, योजनेतलं. पवननगरच्या आतल्या गल्लीत. किंमत सतरा, आणि वर दोन मजले चढवलेले! जागा भरपूर, पाणी व्यवस्थित, शेजार चांगला. मन तिथेच अडकलं होतं. पण जमीन सिडकोची, घर भाडेपट्ट्यावर, त्यामुळे विकायला सिडकोच्या ऑफिसातून हस्तांतराची परवानगी आणि त्याचं शुल्क. तेही केलं असतं. खरी अडचण वरच्या दोन मजल्यांची. मंजूर नकाशात ते नाहीतच, आणि बँक फक्त नकाशात आहे तेवढ्यावर लोन देते. तळमजल्याच्या दोन खोल्यांवर सतरा लाखांचं मूल्यांकन कोण देणार? ज्यांच्याकडे रोख आहे त्यांनी बघावं. आमच्यासाठी हा पर्याय बाद.

बाकीचे दोन फ्लॅट पाहून लगेच बाहेर पडलो. एकात स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती.

२ फेब्रुवारी

कामटवाड्याच्या बाजूला एक फ्लॅट आवडला. २०१४ ची बिल्डिंग, लिफ्ट आहे, बेडरूम चांगली ऐसपैस. एकोणीस सांगतात, साडेअठराला येतील. एजंट म्हणाला, "ताई, आज टोकन दिलं नाही तर संध्याकाळी दुसरी पार्टी आहे." एकवीस हजार दिले. कम्प्लिशन सर्टिफिकेटचं, म्हणजे बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्याचं विचारलं, तर "प्रोसेसमध्ये आहे."

११ फेब्रुवारी

प्रोसेसमध्ये दहा वर्षं आहे!

वकील मॅडमनी फाइल उघडून दोन मिनिटांत विचारलं, "बेडरूम मोठी वाटली ना? कपाटाची भिंत कुठे आहे सांगा." मग सगळं समजावलं. नाशिकमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकून ठेवावं. त्या काळात नकाशात कपाटासाठी जी जागा दाखवायचे ती चटई निर्देशांकात (बांधकामाच्या मर्यादेत) मोजली जात नव्हती. बऱ्याच बिल्डरांनी ती जागा कपाट म्हणून दाखवली आणि प्रत्यक्षात भिंत न घालता खोलीत मिळवून टाकली. २०१५-१६ च्या सुमारास महापालिकेने अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडवले. तोच तो गाजलेला कपाटाचा प्रश्न. सहा आणि साडेसात मीटर रस्त्यांवरच्या इमारती त्यात जास्त अडकल्या, कारण तिथे टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरून वाढीव बांधकाम जिरवायचीही सोय नव्हती. पुढे दंड भरून नियमित करायच्या वाटा निघाल्या, कित्येकांनी करूनही घेतलं. या बिल्डिंगच्या बिल्डरने काहीच केलेलं नाही. आता सगळे फ्लॅटधारक मिळून खर्च करतील तेव्हा दाखला येईल.

दाखला नाही तर सरकारी बँक दारात उभी करत नाही. एजंट म्हणतो, "फायनान्स कंपनी करून देते." करते, पण व्याज दीड-दोन टक्क्यांनी जास्त. आणि उद्या मला विकायचा असेल तेव्हा माझ्यासमोरचा माणूसही हाच प्रश्न विचारणार.

टोकन परत मागितलं. एजंटचे फोन आता "मीटिंगमध्ये" असतात. (शेवटी पंधरा हजार आले, तेही नवरा त्याच्या ऑफिसात जाऊन बसला तेव्हा. सहा हजार गेले.)

इथून पुढे क्रम उलटा: आधी मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि आधीच्या खरेदीची सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा सारांश), मग फ्लॅट पाहायचा.

२३ फेब्रुवारी

उत्तमनगर आणि त्रिमूर्ती चौक यांच्या मधल्या गल्लीत एक फ्लॅट. बांधकाम २००३ चं, खाली पार्किंग आणि वर चार मजले, एकूण बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आमचा दुसऱ्या मजल्यावर. मालक दोन वर्षांपूर्वी वारले, काकू मुलाकडे पुण्याला राहतात. मागणी एकवीस लाख.

यावेळी कागद आधी मागितले. काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक काढले. मूळ करारनामा आहे, अपार्टमेंट डीड आहे. नाशिकला अशा छोट्या बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नसतात. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लरेशन होतं आणि प्रत्येकाच्या नावे वेगळं डीड. ते डीड झालेलं असेल तर जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा कागदावर येतो. बिल्डरने नुसता करारनामा करून डीडचं राहू दिलंय, अशी उदाहरणं याच गल्लीत दोन सापडली. पूर्णत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स आहे, पण इतकी फिकट की जावक क्रमांक वाचता येत नाही.

भाव बिल्टअपवर सांगतात: ५७५ फूट. टेप लावली, आतून ३७० च्या आत-बाहेर.

२४ फेब्रुवारी, रात्री

दिवसा सगळ्याच गल्ल्या शहाण्या दिसतात, म्हणून रात्री गेले. सेकंड शिफ्टवरून सुटल्यावर मी ज्या वेळेला घरी येईन तीच वेळ धरली. त्रिमूर्ती चौकात उतरून चालत.

चौकापासून पहिली दोनशे पावलं गजबज: भाजीच्या गाड्या, मेडिकल, पाणीपुरीवाला. मग डावीकडे वळल्यावर एक मोकळा प्लॉट. त्याच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद, आणि तिथे पाच-सहा पोरं मोटारसायकलींवर बसलेली. कोणी काही बोललं नाही. पण मी चालण्याचा वेग वाढवला हे खरं. त्यापुढे बिल्डिंगच्या गल्लीत पुन्हा उजेड. ओट्यावर बायका बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर निवडायला घेतलेली मेथी. मी फ्लॅट बघतेय म्हटल्यावर सरकून जागा दिली.

"फोडल्या होत्या की गाड्या," मेथीवाल्या ताई म्हणाल्या. "आमच्या नाही, समोरच्या गल्लीत. रस्त्यावर लावलेल्या होत्या. दोन गटांचं भांडण, आणि काचा गेल्या तिसऱ्याच्याच. तेव्हापासून आम्ही रात्री गेटला कुलूप लावतो. पार्किंगच्या आत कधी काही झालं नाही."

"आणि बायकांना?"

"त्या प्लॉटपाशी दारू पितात मेले. बोलत नाहीत, पण नको वाटतं. आम्ही पलीकडच्या शाळेच्या रस्त्याने येतो."

एवढी नेमकी माहिती ना एजंटकडे होती ना सासूबाईंच्या व्हॉट्सॲपवर. परत जाताना शाळेच्या रस्त्याने गेले. चार मिनिटं जास्त, पण सगळीकडे उजेड आणि दुकानं. आमच्याकडे कार नाही, स्कूटर पार्किंगच्या आत राहील. ज्यांना कार रस्त्यावर लावावी लागते त्यांचा हिशोब वेगळा निघेल. प्लॉटवरच्या दिव्याची तक्रार महापालिकेच्या ॲपवर त्याच रात्री टाकली, घर घ्यायच्या आधीच! (आठवड्यात दिवा लागला. पोरं थोडी पुढे सरकली.)

पाण्याचंही विचारून घेतलं. सकाळी एक वेळ, साडेपाच ते सात. खालच्या टाकीत पडतं, मोटरने वर चढवतात. उन्हाळ्यात टँकर? "नाही लागत. पण मोटर जळली की चार दिवस भांडणं."

१ मार्च

आजचा दिवस घासाघिशीच्या तयारीत. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च फुकट आहे, जुने दस्त बघता येतात. तिथे सिडको किंवा उत्तमनगर असं शोधलं तर काही मिळत नाही. दस्तात जे मौजे लिहिलंय ते निवडायचं: कामटवाडे, मोरवाडी, उंटवाडी, अंबड खुर्द, ज्याचं जे असेल ते. मग सर्व्हे नंबर आणि वर्ष. कॅप्चा दर वेळी पहिल्यांदा चुकतोच, चिडू नये.

याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट गेल्या वर्षी सव्वासतराला नोंदला गेलाय. सूची दोनची प्रिंट काढली. आता "इथे रेट बावीसचा चाललाय" म्हणणाऱ्यासमोर तोंडाची वाफ दवडायला नको, कागद ठेवायचा.

एजंटचा आणखी एक मुद्दा: "ताई, २०२७ ला कुंभमेळा आहे, रेट दुप्पट होतील." साधुग्राम तपोवनात, स्नान रामकुंडावर. उत्तमनगरच्या दुसऱ्या मजल्याला त्याचं काय सोयरसुतक? रस्ते होतील तेवढे खरे.

८ मार्च

काकू आणि त्यांचा मुलगा आले. सूची दोन दाखवली, लिफ्ट नाही हे त्यांनीच आधी बोलून टाकलं. साडेअठरावर आलो. मुलगा म्हणाला, कागदावर चौदा दाखवू, बाकी रोख द्या. सरळ नाही म्हटलं. लोन कागदावरच्या रकमेवर मिळतं, चौदाच दाखवले तर बँक आम्हाला बारा देणार, वरचे आणायचे कुठून? शिवाय जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकराचं २६९एसएस कलम मोडल्याबद्दल तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. हे वकील मॅडमनी त्यालाच सांगितलं. तो गप्प झाला. काकू म्हणाल्या, "मला चेकच पाहिजे, माझं माझं खातं आहे."

पन्नास हजारांचा चेक, विसार पावती पाचशेच्या स्टँपवर. शंभरचा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून बंद झालाय. पावतीत दोन अटी घालून घेतल्या: बँकेने कायदेशीर कारणाने लोन नाकारलं तर विसार पूर्ण परत, आणि सगळे वारस सह्या करतील. सगळे म्हणजे काकू, पुण्याचा मुलगा आणि सुरतला दिलेली मुलगी. मुलीचं नाव कोणी काढलंच नव्हतं. मॅडमनी विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, "ती काय, ती काही म्हणणार नाही." म्हणणार नाही हे लिहून आणि सही करून पाहिजे.

१७ मार्च

पहिल्या बँकेने दोन अडथळे काढले.

एक: फ्लॅट मयताच्या नावावर, म्हणून दिवाणी कोर्टाचा वारस दाखला आणा, १८२७ च्या रेग्युलेशनखालचा. त्याला जाहीर नोटीस, तारखा, म्हणजे कित्येक महिने.

दोन: सरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीत या फ्लॅटवर अजून बोजा दिसतोय. मालकांनी एका बँकेचं गृहकर्ज घेतलं होतं, २०१६ लाच फिटलं. नो ड्यूज पत्र काकूंच्या पिशवीत आहे, मूळ कागद परत आलेत, पण त्या बँकेने सरसाईवरची नोंद काही काढली नाही. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद द्या आणि बोजा काढा, नाहीतर रोज पाच हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना. २०१६ च्या कर्जाला कोणी विचारत नाही. काकूंना सोबत घेऊन त्या शाखेत गेले. शाखा दुसरीकडे गेलेली, कर्जखात्याचा नंबर बदललेला. लेखी अर्ज, मृत्यू दाखला आणि नो ड्यूजची प्रत देऊन पोच घेतली. पोच घ्याच. पुढे तीच दाखवून तीनदा बोलता आलं.

३१ मार्च

आज सगळ्या नाशिकला दस्त नोंदवायचा आहे असं वाटावं इतकी गर्दी, कारण उद्यापासून रेडी रेकनर (जागांचे सरकारी दर) वाढतोय. एजंटने आठवडाभर डोकं खाल्लं: कसंही करून मार्चमध्ये बसवा. बोजा निघालेला नाही, सुरतच्या ताई आलेल्या नाहीत, बसवणार काय?

रात्री शांतपणे गणित केलं. मुद्रांक कराराची किंमत किंवा सरकारी मूल्यांकन, यात जे जास्त त्यावर लागतो. नाशिक महापालिका हद्दीत वाढ ७.३१ टक्के जाहीर झाली. वीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीला घसारा मिळतो, तो वजा करून नव्या दरानेही मूल्यांकन साडेअठराच्या खालीच राहतं. म्हणजे आम्हाला मार्च काय आणि मे काय, मुद्रांक तेवढाच. ज्यांची कराराची किंमत रेकनरच्या खाली किंवा अगदी जवळ आहे त्यांनी धावावं.

१० एप्रिल

बँक बदलली. दुसऱ्या बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने कोर्टाच्या दाखल्याऐवजी मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, तिन्ही वारसांचं हमीपत्र आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस यावर मान्य केलं. कायदा तोच, वकील वेगळा. नोटिशीचे साडेतीन हजार. चौदा दिवसांत हरकत आली नाही.

पहिल्या बँकेची प्रोसेसिंग फी गेली, तीन हजार पाचशे चाळीस. फी भरण्याआधी शाखेत नुसतं तोंडी विचारायचं: "मालक मयत आहेत, काय काय लागेल?" एवढ्याने वाचली असती.

फिकट दाखल्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता, दहा रुपयांचा. आज साक्षांकित प्रत मिळाली, दोन रुपये पान. अख्ख्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा कागद. मंजूर नकाशाही त्यातच मागून घेतला. खालचं पार्किंग नकाशात पार्किंगच आहे, दुकान नाही, हे त्यात दिसलं.

५ मे

सरसाईवरचा बोजा निघाला. व्हॅल्युअर येऊन लेझरने मोजून गेला: चटई ३६८ चौरस फूट. एजंट ५७५ वर भागून "बत्तीसशे रुपये फुटाने पडतोय" म्हणतो. आतल्या जागेवर भागलं तर पाच हजारांच्या वर जातो. दोन फ्लॅटची तुलना करायची तर दोन्हीकडे चटईवरच करावी, नाहीतर जिन्याचे पैसे मोजतोय हे कळतच नाही.

मूल्यांकन सतरा लाख ऐंशी हजार. करार साडेअठराचा, बँक कमी असेल ते धरते. तीस लाखांच्या आतल्या लोनला नियमाने नव्वद टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, पण इमारतीचं वय बघून आम्हाला मंजूर झाले पंधरा. आम्हाला तेवढेच हवे होते.

करार फक्त माझ्या नावाने करायचं ठरलं. एकट्या बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट. नाशिकला सहाऐवजी पाच टक्के, म्हणजे साडेअठरा हजार वाचले, नोंदणी फी तेवढीच आहे. नवऱ्याचं नाव करारात घातलं की सूट गेली. लोनमध्ये तो सहअर्जदार राहू शकतो, मालक असायची गरज नाही. त्याला हप्त्यावर आयकराची वजावट मिळणार नाही, पण आम्ही दोघं नव्या करप्रणालीत, तिथे राहत्या घराच्या व्याजाला तशीही वजावट नाही. सासऱ्यांनी "दोघांचं नाव पाहिजे" म्हणून पाहिलं. नवरा म्हणाला, "आबा, साडेअठरा हजार तुम्ही देता का?" विषय संपला.

१६ मे

मे महिन्यात पाऊस! रोज संध्याकाळी झोडपतोय. आंबेवाल्यांचे आणि कांदेवाल्यांचे हाल, पण आमच्या पदरात एक फायदा पडला. फ्लॅटची किल्ली मागून घेऊन गेले, तर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओल, हाताला गार लागणारी. आणि बाथरूमच्या छताला बशीएवढा पिवळा डाग, त्याच्या मधोमध एक थेंब धरलेला. फेब्रुवारीत तिथे ताजा पांढरा रंग होता. का होता ते आता कळलं.

भिंतीची ओल पावसाची, बाहेरच्या प्लास्टरला तडे गेलेत. छताचा डाग मात्र पाऊस नसतानाही वाढतो, असं प्लंबरने बोट लावून, वास घेऊन सांगितलं. वरच्या फ्लॅटचा नहाणी ट्रॅप गळतोय. वरच्या काकांकडे गेलो. ते आधी म्हणाले, "आमच्याकडे काही नाही." त्यांना खाली आणून छत दाखवलं. मग म्हणाले, "निम्मे देतो."

२७ मे

साठेखत नोंदलं. सुरतच्या ताई शाळेला सुट्टी लागल्यावर मुलांसह आल्या होत्या, भावाशी फारसं बोलत नव्हत्या. गळतीसाठी पंधरा हजार किमतीतून कमी करा म्हटलं होतं. दस्त साडेअठराचाच ठेवला, कारण लोन त्यावर मंजूर होतं, आणि काकूंनी दुरुस्तीचे पंधरा हजार वेगळ्या चेकने दिले.

डेटा एंट्रीत माझ्या आडनावाचा एक उकार चुकला होता. प्रिंट निघायच्या आधी तपासायला देतात तेव्हा प्रत्येक नाव, प्रत्येक पॅन, चारही चतुःसीमा मोठ्याने वाचाव्या. मागचे लोक घाई करतात, करू द्यावी. नंतर चूक दुरुस्ती पत्र करायचं म्हणजे सगळ्यांना पुन्हा गोळा करणं, आणि सुरत काही जवळ नाही.

अंगठे, फोटो, सह्या झाल्यावर काकूंनी पिशवीतून पेढे काढले. विकणाऱ्याकडून पेढे पहिल्यांदाच खाल्ले.

१० जून

लोन मिळालं, खरेदीखत झालं, ताबा घेतला. खरेदीखताला पुन्हा पूर्ण मुद्रांक लागत नाही, साठेखतावर भरलेला असतो. रिझर्व्ह बँकेने ६ तारखेला रेपो अर्धा टक्का कमी केला, त्यामुळे मंजुरीतला ८.२५ चा दर ७.७५ वर आला. वीस वर्षांचा हप्ता पावणेतेरा हजारांवरून १२,३१४ वर. बँकेला लिहून दिलं की हप्ता जुनाच ठेवा आणि मुदत कमी करा.

२२ जून

दुरुस्ती. वरच्यांचा ट्रॅप बदलला, आमच्याकडचं छत खरवडून पुन्हा प्लास्टर. गवंडी एक दिवसाचं काम म्हणाला, पाच दिवस लागले. त्यातले दोन तो आलाच नाही. बाहेरच्या भिंतीचं आता पावसात काही होणार नाही, दिवाळीनंतर बघू. रंग मुद्दाम दिलेला नाही. एक पावसाळा भिंत उघडी ठेवून पाहायची आहे.

२९ जून: आजवरचा हिशोब

फ्लॅट १८,५०,०००. मुद्रांक ९२,५००. नोंदणी १८,५००. दस्त हाताळणीचे पानाला वीस रुपये, दोन दस्त मिळून अडीच हजारांच्या आत. एजंट एक टक्का, १८,५००. तो दोन मागत होता, पण बोजा आणि वारसांची धावपळ आम्हीच केली हे त्यालाही माहीत होतं. वकील मॅडम, तीस वर्षांच्या सर्चसह, १२,०००. लोनची फी, बँकेचे वकील आणि व्हॅल्युअर मिळून ११,०००. गहाणाचा मुद्रांक आणि फायलिंग सहा हजारांच्या आत. जाहीर नोटीस ३,५००. दुरुस्ती २३,०००, त्यातले पंधरा काकूंचे, चार वरच्या काकांचे. वाया गेलेले: टोकनचे सहा हजार आणि पहिल्या बँकेची फी.

वीस लाख पंचवीस हजारांच्या थोडं पुढे गेलं. वहीतल्या सहीवर नवऱ्याने लाल पेनाने शेरा मारलाय.

पंतप्रधान आवास योजना शहरी २.० च्या व्याज अनुदानाला अर्ज केला. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांच्या आत, घर पस्तीस लाखांच्या आत, लोन पंचवीसच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसलेलं कुटुंब अशा अटी आहेत. कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अविवाहित मुलं, त्यामुळे सटाण्याचं सासऱ्यांचं घर आड येत नाही. मिळालं तर जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. ते धरून बजेट करू नये, आम्हीही केलं नाही.

१७ ऑगस्ट

घरपट्टीवर माझं नाव चढलं. मागची थकबाकी शून्य असल्याचा दाखला ताबा घेतानाच काकूंकडून घेतला होता म्हणून पटकन झालं. लाईट बिलावर अजून मयत काकाच आहेत. महावितरणला सूची दोन दिली, वारसांचं ना-हरकत पत्रही मागताहेत. ते नोंदणीच्या दिवशीच सगळे एकत्र असताना सही करून घेऊन ठेवायला हवं. आता पुण्याला आणि सुरतला कुरिअर.

काल अपार्टमेंटची मीटिंग झाली, पार्किंगमध्ये, खुर्च्या ज्याच्या त्याने आणायच्या. महिन्याला तीनशे रुपये मेंटेनन्स, आणि बारापैकी तीन जण देतच नाहीत. विषय दोन होते: मोटर आणि बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर. प्लास्टरला एक लाख चाळीस हजारांचं कोटेशन आहे. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला ओल नाही, आम्ही का द्यायचे. मेथीवाल्या ताई पहिल्या मजल्यावरच्या, पण देते म्हणाल्या. मला खजिनदार केलंय, कारण माझ्याकडे वही आहे. पुढची मीटिंग गणपती झाल्यावर.